एर्नाच्या घरातली मिखालिना

मिखालिनाला घर मिळालं तेव्हा त्या घरात माणसं राहत होती.

पंचेचाळीस साली लढाई संपून काही महिने झाले होते, ऑक्टोबरची थंडी पडायला लागली होती. यावोरेकच्या स्टेशनात मालगाडी थांबली आणि झालेशे गावची निम्मी वस्ती गाईगुरांसकट खाली उतरली. झालेशे तिकडे दूर पूर्वेला, तार्नोपोलच्या बाजूला. मोठ्या लोकांनी नकाशावर नवी रेघ ओढली आणि गाव रशियाकडे गेलं. गावातल्या पोलिश माणसांना सांगण्यात आलं की पोलंड आता पश्चिमेला सरकला आहे, तेव्हा तुम्हीही सरका. तिकडे जर्मनांची घरं रिकामी पडली आहेत.

पंचायतीतल्या माणसाने मिखालिनाच्या नवऱ्याच्या, विन्सेंतीच्या हातात चिठ्ठी दिली आणि चर्चपलीकडचं लाल कौलांचं घर दाखवलं. मिखालिना गाईचं दावं धरून पुढे, मागे विन्सेंती डोक्यावर गादी घेऊन, आणि सगळ्यांत मागे सासू तेक्ला, छातीशी मेरीमातेची तसबीर धरून. अंगणात शिरल्या शिरल्या मिखालिनाचे पाय थबकले. धुराड्यातून धूर निघत होता.

"रिकामं म्हणाला ना तो?" तिने विचारलं.

"म्हणाला तर होता," विन्सेंती म्हणाला.

दार एका बाईने उघडलं. तिशीची असेल, मिखालिनापेक्षा थोडी मोठी, अंगात पुरुषी कोट. मागे चुलीशी एक म्हातारा बसला होता. बाईने चिठ्ठीकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं आणि बाजूला झाली. जणू गेले कित्येक दिवस ती याच घटकेची वाट पाहत होती.

तिचं नाव एर्ना. म्हातारा तिचा बाप. नवरा लढाईत बेपत्ता. जर्मनांना पाठवून देणाऱ्या गाड्या अजून लागायच्या होत्या, तोवर त्यांनी इथेच राहायचं, माडीवरच्या एका खोलीत. खालचं घर नव्या लोकांचं. चूल मात्र एकच होती.

त्या हिवाळ्यात मिखालिनाला धड झोप अशी लागलीच नाही. झालेश्यातही शेवटचं वर्ष तिने अंगावरच्या कपड्यांनिशी झोपून काढलं होतं, कारण आसपासची गावं जळत होती. पण तिथे भीती बाहेरून येणार होती. इथे ती माडीवर राहत होती. वर फळी करकरली की हिचा जीव वर टांगलेला. ही बाई आता काय करतेय? काय लपवतेय? आपण झोपल्यावर दुधात काही कालवलं तर? मिखालिना दुधाचं भांडं पलंगाखाली घेऊन झोपायची.

"अगं, कालवायला तिच्याकडे आहे काय?" तेक्ला म्हणायची. "तिच्या पोटातच काही नाही, तर तुझ्या दुधात काय घालणार?"

"आई, तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत."

"मला येत नाहीत? तुला सून करून आणलीच ना!"

मिखालिना आणि एर्ना, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मिखालिनाला जर्मन शब्द येत होते ते सगळे हुकूम होते: बाहेर, चल लवकर, हात वर. असल्या शब्दांनी चुलीवरची पाळी ठरवता येत नाही. मग खुणांवर काम चालू झालं. एर्ना पहाटे चूल पेटवायची, आपल्या बापाची पेज शिजवायची आणि मिखालिनाची चाहूल लागताच भांडं उचलून वर निघून जायची. निखारे मात्र चुलीत नीट राखून ठेवलेले असायचे. मिखालिना ते निखारे वापरायची आणि मनात म्हणायची, हिला आपल्याकडून नक्की काहीतरी पाहिजे आहे.

मग नाताळची आदली संध्याकाळ आली. परमुलखातली पहिली. तेक्लाने हट्टाने सगळं झालेश्यासारखं मांडलं. टेबलावरच्या चादरीखाली मूठभर गवत, बीटाचं आंबट सार, बटाट्याच्या पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, खसखस आणि मध घालून शिजवलेले गहू. मधासाठी तिने आपली लोकरी शाल देऊन टाकली होती. आकाशात पहिली चांदणी दिसली तशी ताटं मांडली, तिघांची तीन आणि एक रिकामं. आयत्या वेळी दारात येणाऱ्या वाटसरूचं ताट. ते प्रत्येक घरात मांडतात, आणि सहसा त्याच्यावर कोणी जेवत नाही.

तेवढ्यात जिना वाजला. एर्ना बापासाठी गरम पाणी घ्यायला खाली आली होती. टेबल पाहून ती तिथेच, शेवटच्या पायरीवर थांबली.

तेक्लाने हातातला प्रसादाचा पातळ पांढरा पापड मोडला आणि रिकाम्या ताटाकडे बोट केलं. "बस."

विन्सेंती उठून उभा राहिला. "आई, ही नाही."

"ताट मांडलंय."

"वाटसरूसाठी मांडलंय! हिच्या लोकांनी आपल्या युझेकला चौकात उभा करून गोळी घातली. विसरलीस?"

"युझेकला मी जन्म दिलाय," तेक्ला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला आठवण करून देतोस? ताट जो येईल त्याचं असतं. कोण यावं ते आपण ठरवायला लागलो तर ताट मांडायचं कशाला? काढून टाक मग. काढ."

विन्सेंतीने ताट काढलं नाही. तो गोठ्यात निघून गेला. एर्नाला एक शब्द कळला नव्हता आणि सगळं कळलं होतं. ती बसली नाही. तेक्लाने त्या ताटात गहू वाढले, वर दोन पिएरोगी ठेवल्या आणि ताट तिच्या हातात दिलं. ती वर गेली. विन्सेंती बऱ्याच वेळाने परत आला, गार झालेलं सार मुकाट प्याला. नाताळचं एकही गाणं त्या घरात त्या वर्षी म्हटलं गेलं नाही.

फेब्रुवारीत म्हातारा गेला. जमीन दगडासारखी गोठलेली. एर्ना एकटी कुदळ घेऊन जर्मनांच्या दफनभूमीकडे निघालेली मिखालिनाने खिडकीतून पाहिली. थोड्या वेळाने विन्सेंतीने पहार उचलली.

"कुठे?" तिने विचारलं.

"तिला जमणार नाही ते," तो म्हणाला, आणि जणू शिवी हासडावी तशा स्वरात पुढे म्हणाला, "प्रेत घरात ठेवणार का मग?"

दोघांनी मिळून खड्डा खणला, कोपऱ्यातल्या चेस्टनटच्या झाडाखाली. परत आल्यावर तो त्याबद्दल कधीही बोलला नाही.

उन्हाळ्यात हुकूम निघाला. जर्मनांनी हातात मावेल तेवढं सामान घेऊन स्टेशनवर जमायचं. निघायच्या सकाळी एर्नाने एकाएकी मिखालिनाचं मनगट धरलं. मिखालिना किंचाळायच्याच बेतात होती. पण एर्नाने तिला ओढत तळघरात नेलं, कोपऱ्यातली एक फरशी दाखवली, ती उचलल्यासारखं केलं, दोन्ही हात खालून वर नेले, मग काहीतरी उपसून काढल्याची खूण केली. पुन्हा पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी होतं. वरून शिपायाने हाक मारली. एर्नाने एकदा भिंतीवर हात ठेवला आणि ती गेली.

"सोनं," विन्सेंती म्हणाला. "दुसरं काय? पुरून ठेवलंय आणि न्यायला जमलं नाही."

"सोनं कोणी दाखवून जातं का रे?" तेक्ला म्हणाली.

"गेलं ते गेलंच, असं वाटलं असेल तिला."

त्याने फरशी उचलली. खाली विटांची एक अरुंद मोरी आणि तिच्या तोंडाशी लाकडाचं बूच. त्याने बूच फेकून दिलं, मोरी फोडली, पुरुषभर खणलं. चिकणमातीशिवाय काही लागलं नाही. तेव्हा रागारागाने त्याने सगळा खड्डा दगडविटांनी गच्च भरून टाकला.

मार्चमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं आणि पाणी तळघरात चढलं. वर्षभराचे बटाटे, कोबीची पिंपं, सगळं तरंगायला लागलं. तेव्हा मिखालिनाला एर्नाचे ते खालून वर जाणारे हात आठवले. पाणी चढलं की बूच काढा, ते मोरीतून वाहून जाईल, असं ती सांगत होती. विन्सेंती कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उभा राहून आपणच कोंबलेल्या विटा एकेक करून उपसत होता, आणि तेक्ला जिन्यावर उभी राहून कंदील दाखवत म्हणत होती, "सापडलं का रे सोनं? नीट बघ, अजून खाली असेल."

मिखालिनाला हसू आलं नाही. बटाटे अर्धे सडले. वसंतात त्यांनी अंगाला लागली की आग होणाऱ्या रानटी बिछुटीच्या पाल्याची भाजी खाऊन दिवस काढले. पण तिला खरी टोचणी वेगळीच लागली. ज्या बाईने जाता जाता तळघराची काळजी वाहिली, तिच्या मनातून हे घर सुटलेलं नव्हतं. आपण परत येणार आहोत, तोवर यांनी घर नीट सांभाळावं, असंच तिला म्हणायचं असणार. दुसरं काय?

हा विचार एकदा तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. आणि ती एकटी नव्हती. सगळं गाव पाय उचलून बसलं होतं. दर एक-दोन वर्षांनी कुठूनतरी बातमी यायची की पुन्हा लढाई होणार, सीमा पुन्हा हलणार. दुकानातलं मीठ आणि काड्यापेट्या एका दिवसात संपायच्या. मिखालिना पाव कापून भट्टीत कडक वाळवायची आणि पिशवीत भरून माळ्यावर टांगायची. गाडीत किती दिवस काढावे लागतील कुणी सांगावं! छपराची कौलं फुटली तर विन्सेंती खाली घमेलं ठेवायचा.

"अरे, कौलं बदल की," तेक्ला म्हणायची.

"जर्मनाच्या डोक्यावर छप्पर मी का घालू?"

"आज डोकं कुणाचं भिजतंय?"

मुलगी झाली, बोगुस्या. तिचा पाळणासुद्धा मिखालिनाने दाराजवळ ठेवला, चटकन उचलता यावा म्हणून. अंगणात अक्रोड लावू या म्हटलं तर विन्सेंती हसायचा. त्याला फळ धरेपर्यंत आपण इथे असणार आहोत का?

तेक्ला तेवढी कशाच्या फंदात पडली नाही. तिने अंगणात तुळशीएवढी जागा मोकळी करून फुलझाडं लावली, शेजारणींशी भांडणं केली, आणि दर नोव्हेंबरला, आपल्या मृतांच्या सणाला, दोन दिवे घेऊन घराबाहेर पडली. इथे आपलं कोणी पुरलेलं नव्हतं. एक दिवा ती चर्चच्या क्रुसापाशी सगळ्यांसाठी म्हणून लावायची. दुसरा घेऊन जर्मनांच्या दफनभूमीत जायची, चेस्टनटखाली.

"त्या म्हाताऱ्याचं तुम्हाला काय एवढं?" मिखालिनाने एकदा विचारलं.

"म्हाताऱ्याचं मला काही नाही," तेक्ला म्हणाली. "माझा माणूस तिकडे झालेश्यात पडलाय. युझेक पडलाय. तिथे आता कोण दिवा लावतंय? मी इथे लावते. तिथे कुणालातरी बुद्धी होईल."

तेक्ला गेली त्या वर्षी मिखालिनाने ठरवलं होतं, आता हे बंद. पण सण जवळ आला तसा तो निश्चय डळमळला. आपण इथला विझवला आणि तिकडचाही विझला तर? ती दिवा घेऊन गेली. दयेने नव्हे, निव्वळ भीतीने. पुढे सरकारने बुलडोझर लावून ती दफनभूमी सपाट केली, दगड ट्रकमधून कुठेतरी नेले. तरी चेस्टनट उभं होतं. ती कुणी पाहत नाही असं बघून, बिछुटीत शिरून दिवा ठेवून यायची.

सन त्र्याहत्तरचा जुलै. चेरीचे दिवस. विन्सेंती शेतावर गवत कापायला गेला होता, बोगुस्या तालुक्याच्या तागाच्या गिरणीत कामाला. मिखालिना अंगणात बसून चेरीतल्या बिया काढत होती, मनगटापर्यंत हात लाल झाले होते. फाटकापाशी एक मोटार येऊन थांबली. दुधी रंगाची, चकचकीत. पाटीवरचे आकडे आपल्याकडचे नव्हते.

गावात अशा मोटारी अलीकडे यायला लागल्या होत्या. सरकारा-सरकारांत काहीतरी करार झाला होता. वरच्या आळीतल्या एका घरासमोर तर जर्मन लोक नुसते रस्त्यावर उभे राहून रडून गेले होते. मिखालिनाने ते ऐकलं तेव्हापासून ती रोज फाटकाकडे बघत होती, आणि तरी आता मोटार खरोखर समोर उभी राहिल्यावर ती बसल्या जागीच राहिली. परातीत हात तसेच. मोटारीतून एक मध्यमवयीन माणूस उतरला, आणि त्याच्या मागून, काठी टेकत, एक पांढऱ्या केसांची बाई.

मिखालिनाने तिला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे. बाई फाटकाची कडी न बघता, खालून हात घालून काढत होती. ती कडी तशीच निघायची. नवख्या माणसाला ते कधी जमत नसे.

"नमस्कार बाई," तो माणूस पोलिशमध्ये म्हणाला. त्याचे हेल ओपोलकडचे होते, जिथे लोक दोन्ही भाषा बोलतात. "घाबरू नका."

झालं. आतापर्यंत थोडाफार धीर धरून होती ती पुरती घाबरली.

"मालक घरी नाहीत," ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. मालक! कुणासमोर आपण हा शब्द बोललो?

"माझं नाव हुबेर्ट. मी यांचा शेजारी, तिकडे राहतो आता. या एर्ना शोल्त्स."

"माहीत आहे."

एर्ना घराकडे पाहत होती. फुटक्या कौलांवरून तिची नजर हळूहळू उतरत खिडक्यांवर आली, मग रंग उडालेल्या दारावर. मिखालिनाला त्या क्षणी अशी काही लाज वाटली, की तिने स्वतःशीच ठरवलं: घर घेतलं तर घेऊ दे, पण आम्ही असं ठेवलं म्हणून बोलू नये. मग एर्नाने काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," हुबेर्ट म्हणाला, "तळघरात अजून पाणी येतं का?"

मिखालिनाने परातीतून हात काढले. ती म्हणाली, "बूच नवं केलं. ओकचं."

एर्नाने मान हलवली. परीक्षेत पोराने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तरीण हलवते तशी. मिखालिना उठली. तिने ॲप्रनला हात पुसले, खुर्ची आणली, चेरीची वाटी पुढे केली. एर्ना बसली, पण चेरीला हात लावला नाही. ती हुबेर्टशी हळू आवाजात बोलली, आणि या वेळी बोलताना घराकडे नव्हे, चर्चच्या दिशेने पाहत होती.

"त्यांना वडिलांच्या कबरीपाशी जायचंय. आम्ही आधी तिकडेच गेलो होतो. पण तिथे काहीच..."

"काहीच नाही," मिखालिना म्हणाली. "सपाट केलं. वरून हुकूम आला होता. आमचा काही..." आमचा काही दोष नाही? बुलडोझर आला त्या दिवशी सगळं गाव खिडक्या लावून आत बसलं होतं. तीही.

हुबेर्टने सांगितलं. एर्ना चर्चच्या दिशेनेच पाहत राहिली.

मिखालिनाने गोठ्याच्या भिंतीवरचा विळा काढला. विळा पाहून हुबेर्ट एक पाऊल मागे सरला. "चला," ती म्हणाली. "जागा मला ठाऊक आहे."

वाटेत शेजारीण कुंपणाशी उभी होती. "मिखालिना, कोण गं ही? काय म्हणतायत? घर मागतायत का?"

"तू तुझी पिलं बघ," मिखालिना म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

चेस्टनटखाली बिछुटी कमरेएवढी माजली होती. ती विळ्याने कापत आत शिरली, हातावर फोड उठले. मातीत अर्धवट रुतलेल्या काचेच्या दिवल्या होत्या, गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या, काही तडकलेल्या, काहींत पावसाचं पाणी साठलेलं. एर्नाने त्या पाहिल्या. वाकून एक उचलली, आत पाहिलं, परत होती तिथे ठेवली.

"त्या विचारतायत, हे कुणी केलं?"

मिखालिनाने सांगितलं, सासूने सुरू केलं, तिच्या माघारी मी. का, तेही सांगितलं. झालेश्याचं सांगितलं. हुबेर्टला जर्मनमध्ये सांगायला बराच वेळ लागला. एर्ना ऐकत राहिली, मग एक वाक्य बोलली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या..." हुबेर्ट अडखळला. "म्हणाल्या, मी राहते तिथे परक्यांच्या पुष्कळ कबरी आहेत. मी कधी एकीवरही दिवा लावला नाही."

चर्चची घंटा झाली. परत जाताना मिखालिनाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि घराच्या दारापाशी पोचल्यावर तिला ती आवरली नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती या प्रश्नासोबत उठली होती, या प्रश्नासोबत झोपली होती.

"त्यांना विचारा," ती हुबेर्टला म्हणाली. "परत येणार आहेत का? घर घ्यायला?"

हुबेर्टने विचारलं. एर्ना आधी हसली. मग बराच वेळ बोलली.

"त्या म्हणतात, तिकडे त्यांचा फ्लॅट आहे, नळ फिरवला की गरम पाणी. तिकडे जन्मलेल्या मुलीला विचाराल तर ती इथे एक थंडीसुद्धा काढणार नाही. म्हातारपणी कोण येतंय इथे लाकडं फोडायला?"

पण एर्नाचं बोलणं याहून लांब होतं. शेवटचं एक वाक्य हुबेर्टने गिळलं होतं. त्या वाक्यात मिखालिनाला दोन शब्द कळले होते, हुकूम नसलेले, त्या हिवाळ्यात माडीवरून कानावर पडलेले: माझं घर. एर्नाने ते म्हणताना दाराच्या चौकटीवर तळहात ठेवला होता. मिखालिनाने हुबेर्टला पुन्हा विचारलं नाही.

निघताना एर्नाने घराचे दोन-तीन फोटो काढले. मोटार वळणाआड गेली तरी मिखालिना फाटकात उभी होती.

विन्सेंती घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. दारातूनच त्याने सुरुवात केली.

"काय मागितलं तिनं?"

"काही नाही."

"काहीच नाही? पेट्रोल जाळत जर्मनीहून आली आणि काही नाही?"

"बापाची कबर बघायला आली होती."

"आणि?"

"आणि फोटो काढले."

"कशाचे?"

"घराचे."

"म्हणजे मोजमाप घेऊन गेली!" तो मटकन बसला. मिखालिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला नवल वाटलं. हा माणूस घमेलं ठेवून हसायचा, अक्रोडाची टर उडवायचा. ती त्याला बेफिकीर समजत आली होती. आता टोपी काढायलाही त्याला सुधरेना.

"तुलाही भीती वाटते होय?" ती म्हणाली.

"मला? मला कसली भीती?" तो ओरडला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "झोप लागते का गं तुला? मला तर इथे आल्यापासून लागलेली नाही."

इतकी वर्षं एका पलंगावर झोपून दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलं नव्हतं. दोघंही समोरचा जागा होऊ नये म्हणून कूस न बदलता पडून राहत होते.

बोगुस्या गिरणीतून आली तेव्हा दोघं तशीच बसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भडकली. "मी इथे जन्मले," ती म्हणाली. "मला झालेशे माहीत नाही आणि तुमचा जर्मनही माहीत नाही. उद्या कोणी आलं तर माझ्याशी गाठ आहे. आणि आई, ती बाई काय म्हणाली असेल सांगू? म्हणाली असेल, एवढी वर्षं झाली, या लोकांना कौलंसुद्धा बदलता आली नाहीत!"

"तसं म्हणाली नाही," मिखालिना म्हणाली. "पण बघत होती."

पुढच्या उन्हाळ्यात छपरावर नवी कौलं चढली. बोगुस्याने लग्न केलं, नवऱ्याला घरी आणलं, न्हाणीघर बांधलं, तिला दोन मुलगे झाले आणि ते आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढले. म्हणून मिखालिनाची धास्ती सरली असं मात्र झालं नाही. चांगली कौलं म्हणजे उलट कुणाच्याही डोळ्यांत भरणारी कौलं. फाटकाशी मोटार थांबली की तिचं काळीज लक्कन हलायचं, मग ती पोस्टाची का असेना. मात्र विन्सेंतीच्या आणि तिच्या बोलण्यात एक नवी रीत आली होती. पहाटे जाग आली की तो विचारायचा, "जागी आहेस?" आणि ती म्हणायची, "हं." मग दोघं उजाडेपर्यंत बोलत पडायची. झालेश्याच्या विहिरीबद्दल, गाईबद्दल, कुणाच्या लग्नात कोण नाचलं त्याबद्दल. तो गेला तेव्हा तिला सगळ्यांत जास्त चुकल्यासारखं झालं ते त्या पहाटेचं.

नव्वदच्या नोव्हेंबरात टीव्हीवर बातमी सांगितली, पोलंड आणि जर्मनीने सीमेच्या करारावर सह्या केल्या. रेघ आहे तिथेच राहणार, कायमची. बोगुस्या स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, ऐकलंस? संपलं आता. कागदावर सही झाली."

मिखालिना खिडकीशी खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होती. तिने टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर कोटातली माणसं एकमेकांचे हात हातात घेत होती.

"झालेश्याचेही कागद होतेच की," ती म्हणाली. "माझ्या बापाकडे होते. शिक्क्यांचे."

"तू ना, आई! तुला कधी बरं म्हणून वाटणारच नाही."

"वाटतंय गं. वाटत नाही असं कुठे म्हटलं?" ती थोडी थांबली. "तुझी आजी म्हणायची तसं आहे. येणारा येतो. पण मला आता विचारशील तर, कोणी आलंच तर मी काय आता उठायची नाही. गाडी लावली स्टेशनवर, तरी नाही उठायची. सांग त्यांना."

"कुणाला सांगू?"

"जो येईल त्याला."

बोगुस्या हसत आत गेली. मिखालिनाने टीव्हीचा आवाज बारीक करायला सांगितलं, धाकट्या नातवाचं डोकं मापायला त्याला जवळ बोलावलं, आणि हिवाळ्याची टोपी विणायला घेतली.